फादरांना सगळं ठाऊक होतं

शाळेचं नाव मुद्दामच घेत नाही. नंदाखाल म्हणा, निर्मळ म्हणा, भुईगाव, गिरीज, पापडी, सांडोर म्हणा, वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामातल्या माणसाला ती आपलीच वाटेल. मांडणी सगळीकडे तीच. चर्च, चर्चला लागून फादरांचं घर, मागे सिमेट्री आणि वाळूच्या मैदानापलीकडे कौलारू शाळा. मध्ये कुंपण नाही. त्यामुळे आम्ही चुलत-सख्खी भावंडं कुठे शिकलो असं कुणी विचारलं, की 'चर्चच्या शाळेत' म्हणून भागत नाही. आम्ही त्या आवारात वाढलो. बाप्तिस्मा तिथे झाला, मुळाक्षरं तिथे गिरवली, छडीही तिथेच खाल्ली. आजोबा तर म्हणायचे, शाळेच्या पायाची रेती आपल्या बैलगाडीने वाहिली आहे, तेव्हा नापास होऊन त्या पायाला लाज आणू नका.

आता आमच्यातली धाकटी पंचावन्नच्या पुढे गेलीत आणि थोरल्याने सत्तरी गाठलीय. कुणी नर्स होऊन निवृत्त झाली, कुणी बँकेतून, एक मस्कतला पंचवीस वर्षं काढून परत आला, दोघी शिक्षिका. नाताळात सगळी एकत्र जमलो की बोलणं फिरून फिरून शाळेवर येतं आणि भांडण ठरलेलं. विषयही ठरलेला: फादर जरा जास्तच लक्ष ठेवायचे की नाही?

बाहेरच्यांना हे कळावं म्हणून सांगते. चर्चच्या शाळेत मुख्याध्यापक कुणीही असो, पॅरिशचा प्रमुख धर्मगुरू हा शाळेचा मॅनेजर असे. म्हणजे रविवारी मिस्सा करणारा, शनिवारी संध्याकाळी कन्फेशन ऐकणारा, वर्षातून एकदा घराला आशीर्वाद द्यायला येऊन माजघरापर्यंत नजर टाकणारा, कुणाचा बाप पितो आणि कुणाच्या वाडीवर कर्ज आहे हे जाणणारा आणि नववीतल्या अमक्याला गणितात किती पडले हेही पाहणारा माणूस एकच. सरकारी शाळेतल्या मुलाला घर एक आणि शाळा एक असे दोन मुलुख असतात. एकात बिनसलं तर दुसऱ्यात पळता येतं. आम्हाला पळायला जागा नव्हती.

प्रगतिपुस्तकाचंच घ्या. वडील आणि काका पहाटेच्या गाडीने पानं, केळी घेऊन दादरला गेलेले, आई वाडीत. मग सही कुणाची? आजीचा अंगठा. लाल लुगड्यातली आजी पालकसभेला जाऊन पहिल्या बाकावर बसायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तांबड्या शाईची रेघ म्हणजे नापास एवढं तिने ओळखून ठेवलं होतं. आम्ही एकदा तिला पटवलं की यंदा शाळेत काळी शाई संपली म्हणून सगळ्यांनाच तांबडी वापरली. आजीने मान डोलावली, अंगठा उठवला. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तिने फादरांना गाठून, अख्ख्या गावासमोर, कादोडीत विचारलं की शाळेला एक शाईची बाटली परवडत नसेल तर आम्ही देऊ का. फादर आधी गोंधळले, मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

आता कन्फेशनची गोष्ट. ही थोरल्याची आहे आणि छापायची परवानगी त्याने दिली आहे. आठवीच्या सहामाहीत त्याने बीजगणिताची दोन उदाहरणं शेजारच्या मुलाची पाहून लिहिली. शेजारचा मुलगा अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला, हिंदू, गणितात हुशार. शनिवारी आजीने सगळ्यांना कन्फेशनला पिटाळलं. लाकडी कोठडी, मध्ये जाळी, जाळीपलीकडे फादर. थोरल्याने आवाज बदलून पाप सांगितलं. आवाज बदलून काय होणार, पॅरिशमधली प्रत्येक खोकल्याची उबळ त्यांना पाठ होती. फादरांनी तीन नमो मारिया म्हणायला सांगितल्या आणि वर म्हणाले, "ज्याचं घेतलंस, त्याला परत कर."

चोरलेलं पेन परत करता येतं, चोरलेले आठ मार्क कसे परत करायचे? दोन दिवस विचार करून थोरल्याने माळ्यावरच्या डब्यातून सुकेळी काढली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली. पानात बांधून त्या मुलाला दिली. तो चक्रावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुकेळी. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंच. थोरल्याने खरं सांगून टाकलं. त्यावर तो कोळ्याचा पोर हसत म्हणाला, "एवढंच ना? मग वार्षिकलाही बघ की, फक्त केळी मोठी आण."

फादर मात्र सोमवारी प्रगतिपुस्तक देताना एक शब्द बोलले नाहीत. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरूला कुठेही वापरता येत नाही, हा चर्चचा कडक नियम. मॅनेजर म्हणून त्यांनी तो पेपर रद्द करायला हवा होता. धर्मगुरू म्हणून त्यांना तो पेपर ठाऊकच नव्हता. आमचा मस्कतवाला म्हणतो, ही सोयीची पळवाट. मला तसं वाटत नाही. आपली लबाडी जाणणारा माणूस रोज समोरून जातो, हसतो, पण काही बोलत नाही, याचा धाक छडीहून फार मोठा. थोरल्याने पुढे आयुष्यभर बँकेत रोखपाल म्हणून काम केलं आणि एका पैशाचा फरक पडला तरी तो घरी जेवायचा नाही. ते फादरांमुळे की आजीमुळे, यावर घरात अजून एकमत नाही.

घराचा दिवसही घंटेवरच चालायचा. पहाटे चर्चची घंटा झाली की वडीलमाणसं उठायची. रहाटाचा आवाज, पाटाचं पाणी, पानवेलीतली खुडणी. शाळेआधी आम्हीही हात लावायचो. बोटांना पानांचा वास घेऊनच वर्गात बसायचो. दुपारी बाराला एंजेलसची घंटा झाली की फळ्यावरचा खडू थांबायचा. ख्रिस्ती मुलं प्रार्थना पुटपुटायची, बाकीची नुसती उभी राहायची, अर्धीअधिक ऐकून ऐकून आमच्याहून चांगली म्हणायची. संध्याकाळी घरी रोजरी आणि रोजरी झाल्याशिवाय अभ्यास नाही, अभ्यास झाल्याशिवाय जेवण नाही. रोजरीच्या शेवटी आजी मेलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पावसासाठी एकेक प्रार्थना जोडत जायची. मार्चमध्ये त्यात 'थोरल्याच्या भूमितीसाठी' अशीही एक यायची.

सकाळच्या परिपाठाला राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना. प्रार्थना बहुतेक दिवशी साने गुरुजींची, शुक्रवारी ख्रिस्ती गीत. आणि रोज एक तास असा, की वर्गाचे दोन भाग व्हायचे. ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला, इतर मुलं मूल्यशिक्षणाला. अनुदान घेणाऱ्या शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेच्या २८व्या कलमात आहे; पण आम्हाला तेव्हा घटना ठाऊक नव्हती, आम्हाला एवढंच दिसे की पलीकडच्यांची चंगळ आहे. दोन वर्गांमध्ये तट्ट्याची भिंत. अलीकडे सिस्टर दहा आज्ञा घोकून घ्यायच्या आणि पलीकडे आगाशीहून सायकलवर येणारे गुरुजी 'श्यामची आई' वाचायचे. आवाज आरपार. सिस्टरांनी सहावी आज्ञा विचारली, तेव्हा आमची एक बहीण रडत होती. पापाच्या जाणिवेने रडते असं समजून सिस्टरांनी तिला पवित्र चित्राचं कार्ड दिलं. ती रडत होती श्यामच्या आईसाठी.

त्या गुरुजींवर एक वेगळा लेख व्हायला हवा. जानवं घालणारा, शाळेतला चहाही न घेणारा माणूस. पण रविवारच्या मिस्सेत वाचन करायला ज्या मुलांची निवड व्हायची, त्यांना शनिवारी वाचनाचा सराव देत असे तोच. 'ण' आणि 'ळ' नीट उमटेपर्यंत सोडायचा नाही. म्हणायचा, "तुमच्या देवाला चाललं तरी मला चालणार नाही." बायबलमधले पौलाच्या पत्रांचे उतारे त्याला आमच्याहून जास्त पाठ झाले होते. 'प्रेम' या विषयावर निबंध दिला की तो आम्हाला कोरिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वापरायला सांगायचा आणि हिंदू मुलांनाही.

हा सराव लागत होता, कारण मिस्सा मराठीत आली होती. आमच्या वडिलांनी लहानपणी लॅटिन मिस्सा ऐकली. उत्तरं पाठ, अर्थ शून्य. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ झाली, त्यानंतर लोकभाषा वेदीवर पोहोचली आणि वसईत ती लोकभाषा मराठी होती. हे आपोआप घडलं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने वांद्र्याला जाऊन पाहावं. तिथले आमचेच नात्यागोत्यातले ईस्ट इंडियन बघता बघता इंग्रजीत गेले. वसई मराठीत राहिली, याचं मोठं श्रेय मी पॅरिशच्या मराठी शाळांना देते. घरात कादोडी किंवा वाडवळी बोलणारी, नावाने डाबरे, लोपीस, तुस्कानो, परेरा असलेली पोरं तिथे ज्ञानेश्वर-तुकाराम शिकली, ना. वा. टिळकांच्या कविता शिकली. टिळक ख्रिस्ती झाले होते हे आम्हाला सिस्टरांनी अभिमानाने सांगितलं आणि ते आधी कोण होते हे गुरुजींनी, तेवढ्याच अभिमानाने. त्या शाळांतूनच सिसिलिया कार्व्हालो, सायमन मार्टिन, जोसेफ तुस्कानो अशी मराठीत लिहिणारी पिढी उभी राहायला जमीन तयार झाली. कादोडीला मात्र शाळेने कधी जवळ केलं नाही. वर्गात ती तोंडातून निघाली की हशा पिकायचा, 'शुद्ध बोला' म्हणून ओरडा बसायचा. आज त्याच बोलीत लोक लिहू लागलेत, हे पाहायला आजी हवी होती.

आणि फादर दिब्रिटो. नंदाखालच्या संत जोसेफ मराठी शाळेत शिकलेला वसईचा मुलगा. पुढे 'सुवार्ता' मासिकाचा संपादक, वसईच्या हिरवाईसाठी मोर्च्यांत पुढे चालणारा धर्मगुरू, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार २०१३मध्ये मिळवणारा. २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा 'फादर कसा काय अध्यक्ष' म्हणून काही जणांनी गदारोळ केला. आमच्या घरात त्यावर संताप झाला नाही, आश्चर्य वाटलं. आम्हाला मराठी शिकवणारे निम्मे लोक झगाच घालत होते! २५ जुलै २०२४ला ते गेले, त्या दिवशी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर पहिला निरोप आला तो अर्नाळ्याच्या त्या गणितवाल्याकडून. हो, तो आमच्या घरच्या ग्रुपमध्ये आहे. सुकेळीपासून.

इतिहासाच्या तासाला मात्र आमची पंचाईत व्हायची. वसई १५३४मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेली आणि मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. पाठ्यपुस्तकात हा धडा आला की वर्ग अवघडायचा. चिमाजी अप्पा आपले, कारण आपण मराठी मुलुखातले. पोर्तुगीज परके, पण आडनावं त्यांनीच दिलेली. टाळी कुणासाठी वाजवायची? गुरुजींनी धडा अजिबात पातळ केला नाही. पोर्तुगिजांचे जुलूम सांगितले, वेढ्यात किती माणसं पडली ते सांगितलं, मग वर्गाकडे वळून म्हणाले, "पोर्तुगीज बोटीत बसून गेले. तुमचे पूर्वज बोटीत बसले नाहीत. ते वाडीला पाणी देत होते." एवढं बोलून फळा पुसला.

नववीची सहल नाशिकला गेली, एसटीने. पंचवटी झाली, रामकुंड झालं आणि गुरुजींनी आम्हाला नारोशंकराच्या देवळासमोर उभं केलं. वर टांगलेली प्रचंड घंटा, तिच्यावर १७२१ हे साल. वसईच्या विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनी तिकडच्या चर्चच्या घंटा नेल्या आणि देवळांना वाहिल्या, त्यातली ही एक. भीमाशंकरलाही तशीच आहे, १७२९ची, असं त्यांनी सांगितलं. "ही तुमच्या गावची पाहुणी," ते म्हणाले. वर्गातल्या वाडवळांच्या पोरींनी घंटेला हात जोडले, ते देवळाची म्हणून. आमच्या एका बहिणीने तिच्याकडे बघत क्रुसाची खूण केली, ती चर्चची म्हणून. ओट्यावरचा पुजारी दोन्ही पाहत होता. त्याने काही विचारलं नाही, सगळ्यांच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. सिस्टर सोबत होत्या. प्रसाद खावा की नाही, असा प्रश्न कुणीतरी त्यांना केला. त्या म्हणाल्या, "भूक लागली असेल तर खा."

घरी येऊन आजीला सांगितलं. तिला एकाच गोष्टीची चिंता: आपली घंटा तिकडे, मग आपल्या चर्चात वाजते ती कुणाची?

पैशाबाबत शाळेची शिकवण सोपी आणि जाचक होती. राखेच्या बुधवारी प्रत्येकाला पुठ्ठ्याची एक पेटी मिळायची. उपवासकाळात जे सोडाल, त्याचे पैसे तिच्यात. मांस नाही, गोळ्या-बिस्किटं नाहीत, सिनेमा नाही. वाडीत फुलं वेचल्याचे पाच-दहा पैसे मिळत, तेही तिकडे. ईस्टरआधी पेट्या शाळेत उघडायच्या. कुणाची किती भरली हे जाहीर करत नसत, पण वजन हाताला कळतंच. आमच्या धाकट्याने एका वर्षी पेटीत चिंचोके भरले होते. उघडल्यावर वर्गशिक्षिकेने ते मोजले, ओंजळीत घेऊन त्याला परत दिले आणि म्हणाल्या, "तुझा उपवास तुला." गावात सावकारी कशी माणसाला गिळते हे पाहून १९१८मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी बॅसीन कॅथॉलिक बँक उभी केली, ही गोष्टही आम्हाला नागरिकशास्त्राच्या तासाला नाही, धर्मशिक्षणाच्या तासाला सांगितली गेली. कर्ज वेळेवर फेडणं हा धर्माचा भाग आहे, असं आमच्या पिढीला मनापासून वाटतं, त्याचं मूळ तिथे आहे.

आणि प्रत्येक घराने एक मूल देवाला द्यावं, ही न बोललेली अपेक्षा. हुशार, शांत, वेदीवर सेवा करणारा मुलगा दिसला की फादर दहावीनंतर विचारणारच. आमच्यातल्या मधल्याला विचारलं. तो गोरेगावच्या सेमिनरीच्या वाटेवर गेला आणि काही वर्षांनी परत आला. परत येणाऱ्याकडे गाव कसं पाहतं, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. एवढंच सांगते, की शाळेत त्याला विज्ञान शिकवायला घेतलं ते मॅनेजर फादरांनी, गावाची पर्वा न करता. पुढे तो त्याच शाळेचा पर्यवेक्षक झाला.

सगळंच असं गोड नव्हतं. पूर्वेकडच्या पाड्यांवरची वारली मुलं पाचवीपर्यंत दिसायची, मग गळायची. वाडीवर मजुरीला आलेली आई त्यांना घेऊन दुसरीकडे जायची आणि हजेरीपटावर रेघ पडायची. शेजाऱ्यावर प्रेम करा हे फळ्यावर रोज लिहिलेलं असायचं. शेजारी कोण, ही गोष्ट मात्र आवाराच्या फाटकाशी थांबायची. मुली वर्गात मुलांशी बोलल्या तर त्याचा वृत्तान्त आवारातूनच घरी आधी पोहोचे. आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिल्डर दारात आले, तेव्हा जमिनी विकू नका असं वेदीवरून कळकळीने सांगितलं गेलं. मोर्चाला आमचं अख्खं घर गेलं. तरी पुढे एका काकाने नालासोपाऱ्याकडचा तुकडा विकलाच. त्याच्या मुलीच्या लग्नात फादरांनी मिस्सा केली, जेवले, जमिनीबद्दल चकार शब्द काढला नाही. काका म्हणतो, ते गप्प बसले तिथेच मी मेलो.

१९९८मध्ये वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला, तोवर आमची मुलं इंग्रजी माध्यमात जाऊ लागली होती. मराठीच्या प्रेमाने संमेलनापर्यंत पोहोचलेल्या वसईने आपली पोरं मात्र इंग्रजीत घातली, आणि त्यात आम्हीही आलो. आमच्या जुन्या इमारतीवर आता दोन मजले चढलेत, ते इंग्रजीचे. मराठीचे वर्ग तळमजल्यावर आहेत, आणि त्यांत ख्रिस्ती मुलं मोजकीच.

मधल्याची मुलगी गेल्या वर्षी तिथेच शिक्षिका म्हणून लागली. तिच्याकडे नववीचा मूल्यशिक्षणाचा तास दिलाय. वर्गात कोकणातली, उत्तर प्रदेशातली, घाटावरची मुलं. विरारच्या चाळींतून रिक्षाने येणारी. नाताळात तिने आम्हाला विचारलं, तुम्हाला या तासाला नक्की काय शिकवायचे? थोरला म्हणाला, काहीच नाही, तट्ट्यापलीकडचं ऐकायचो. मस्कतवाला म्हणाला, घाबरायला शिकवायचे. अर्नाळ्याचा गणितवाला जेवायला आलाच होता, तो म्हणाला, मला तर सुकेळी मिळायची. पोरीने हात जोडले आणि म्हणाली, सोमवारी माझा चौथा तास आहे, जरा नीट सांगा.